संताप खरा, पण काडी कोणाच्या घराला?

(इन्सुली येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण, लेखरूपात)



चिटणीस साहेबांनी बोलावण्याचे पत्र धाडले तेव्हा विषय माझ्यावरच सोपवला होता. अशा वेळी आमच्यासारखी निवृत्त मास्तर मंडळी 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषय घेतात, पाऊण तास बोलतात, आणि पालक घड्याळाकडे पाहत बसतात. मीही तीच तयारी करून आलो होतो. पण सकाळी वर्गातून फिरताना दहावीच्या एका मुलाने मला अडवले आणि विचारले, "सर, अन्याय झाला म्हणून निवेदन दिले तर ते कचेरीत पडून राहते. एक बस जाळली की मंत्री धावत येतात. मग आम्ही निवेदन का द्यावे?"

मी त्याला म्हटले, याचे उत्तर दुपारी देतो. खरे सांगायचे तर मला वेळ हवा होता. प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. त्या मुलाचे निरीक्षण खोटे आहे असे मला म्हणता येईना. आपल्या देशात तोडफोड झाल्यावर सरकारला जाग येते, हे तुम्ही-आम्ही सर्वांनी पाहिलेले आहे. तेव्हा "बाळा, शांत राहा, शांती ही फार चांगली गोष्ट आहे" असे सांगून मी सुटू पाहिले असते, तर त्या मुलाने माझा सलाम घेतला असता आणि मनात म्हटले असते, म्हातारा घाबरतो.

म्हणून प्रथम माझीच एक गोष्ट सांगतो. ती मी आजवर कोणत्याही व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

मी कॉलेजात होतो. गाव आणि कॉलेज यांची नावे सांगत नाही. आमच्या एका मित्राला एका अंमलदाराने विनाकारण मारले होते. तक्रार कोणी घेईना. दोन दिवस आम्ही हेलपाटे घातले. तिसऱ्या दिवशी मोर्चा निघाला, घोषणा झाल्या, आणि स्टँडवर उभ्या असलेल्या एस. टी. वर पहिला दगड कोणी मारला हे मला ठाऊक नाही. दुसरा मी मारला. काच फुटली. त्या क्षणी छातीत जे वाटले ते मी आजही विसरलो नाही. भय वाटले नाही, उलट मोठे समाधान वाटले. दोन दिवस ज्यांनी ढुंकूनही पाहिले नव्हते, ते आता आमच्याकडे पाहत होते.

गाडीचा कंडक्टर खाली उतरला. कपाळावर काचेचा ओरखडा होता. आमच्यातले पुष्कळ पळाले, मी गोंधळून उभा राहिलो. तो मला ओळखत होता, कारण ती गाडी आमच्याच गावाकडची होती. त्याने शिवी दिली नाही. म्हणाला, "अरे झिला, ह्याच गाडयेन उद्या तुझी आवस बाजाराक जातली." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. माझी आई सुकटीची पाटी घेऊन फाट्यावर दोन तास बसून घरी परतली. तिला मी काहीच सांगितले नाही. ज्या अंमलदाराने माझ्या मित्राला मारले होते, त्याच्या अंगाला आमच्या दगडाने खरचटलेदेखील नाही. तो त्या दिवशी घरी जेवत होता म्हणे.

आता त्या मुलाला मी एवढेच विचारतो: माझा राग खोटा होता काय? मुळीच नाही. आजही तो अंमलदार आठवला की मला राग येतो. राग आणि दगड या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची एकच गाठ मारून ठेवली आहे. कोणी म्हणतो, राग खरा म्हणून दगड खरा. कोणी म्हणतो, दगड वाईट म्हणून रागच नको. मला दोन्ही पटत नाहीत. अन्याय पाहून ज्याला राग येत नाही, त्याला मी सज्जन म्हणणार नाही. तो फक्त स्वस्थ बसलेला माणूस आहे.

तुमचे हे इन्सुली गाव मुंबई-गोवा रस्त्यावर आहे. या रस्त्याची दोन टोके मला आज तुम्हाला दाखवायची आहेत. एक गोव्याच्या बाजूचे, अगदी जवळचे. दुसरे मुंबईच्या वाटेवरचे, थोडे दूरचे.

जवळचे आधी. बांदा ओलांडले की लागलीच पत्रादेवी येते. तुमच्यापैकी कितीजण तिथून रोज कामाला गोव्यात जात असतील, आणि हुतात्मा स्मारक खिडकीतून पाहत असतील किंवा पाहतही नसतील. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तिथे भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले सत्याग्रही हातात तिरंगा घेऊन पोर्तुगीज हद्दीत शिरले. हाती शस्त्र नव्हते. समोरून गोळ्या आल्या. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय झेंडा धरून होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. पंजाबचा तरुण कर्नेलसिंग बेनिपाल पुढे झाला आणि तिथेच ठार झाला. त्या दिवशी गोव्याच्या सरहद्दींवर वीसहून अधिक माणसे पडली.

आता कोणी चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, सर, गोवा त्या सत्याग्रहाने कुठे सुटला? डिसेंबर १९६१ मध्ये भारताचे सैन्य शिरले तेव्हा सुटला. आझाद गोमंतक दलाच्या तरुणांनी तर आधीच शस्त्र हाती घेतले होते. बरोबर आहे. हे मी लपवीत नाही. निःशस्त्र माणसे मेली आणि सालाझारचे सरकार आणखी सहा वर्षे टिकले. म्हणजे शांततेने सर्व काही मिळते असे मी म्हणू लागलो, तर पत्रादेवीचे स्मारकच मला खोटे पाडील. शांततेचा पुरस्कार करणारे पुष्कळ वक्ते हा भाग गाळतात, आणि म्हणूनच तरुण मुले त्यांचे ऐकत नाहीत.

पण त्या दिवसाने एक गोष्ट निश्चित केली. गोळी कोणी झाडली आणि कोणावर झाडली, याविषयी कोणाच्याही मनात शंका उरली नाही. पोर्तुगीजांना "त्यांनी आधी आमची चौकी जाळली" असे सांगायला जागाच मिळाली नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण महाडला तो पुन्हा येणार आहे.

याच रस्त्याने मुंबईकडे निघालात की चिपळूण, खेड मागे टाकून पोलादपूरनंतर महाड लागते. महाडचा इतिहास शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदात उरकतात. चवदार तळे, डॉ. आंबेडकर, मार्च १९२७, झाले. पण अन्यायाचा राग आणि नासधूस या प्रश्नाची खरी शाळा तिथेच भरली होती, आणि त्या शाळेत आपल्या समाजाचीही काही माणसे होती. म्हणून मी तिथे जरा रेंगाळणार आहे.

हकीगत अशी. १९२३ साली सी. के. बोले यांच्या नव्हे, सी. के. नव्हे, सीताराम केशव बोले असे पूर्ण नाव सांगतो, त्यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क होता. तळ्यावर मात्र नव्हता. गाई-म्हशी त्या तळ्यात उतरत, आपण मुसलमानही तिथले पाणी भरत होतो, आणि महार माणसाने ओंजळ बुडवली तर तळे बाटत होते. १९ आणि २० मार्च १९२७ ला तिथे परिषद भरली तेव्हा आलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. गावात तळे भरलेले असताना!

२० मार्चला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या मागून हजारो माणसे रांगेने तळ्यावर गेली, पाणी प्याली आणि शांतपणे परत आली. दोन तासांनी गावात कंडी पिकली, की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या घेऊन जमाव मांडवावर तुटून पडला. लोक जेवत होते, कोणी घरी जायला बांधाबांध करीत होते. बायकापोरांनाही मार बसला. अन्न मातीत मिळाले. जे एकटेदुकटे रस्त्यावर सापडले, त्यांनी जीव वाचवण्यासाठी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. कोकणातल्या त्या घरांनी दारे उघडली. त्यांची नावे इतिहासात नाहीत.

आता जरा त्या संध्याकाळची कल्पना करा. डॉ. आंबेडकर डाक बंगल्यात होते. तिथे शेकडो माणसे जमली होती, त्यांत पहिल्या महायुद्धात लढून आलेले शिपाई होते. ज्यांनी बंदुका चालवल्या होत्या, त्यांना लाठ्यांचे काय भय? ते फक्त हुकमाची वाट पाहत होते. गाव लहान. त्यांनी मनात आणले असते तर महाडच्या बाजारपेठेत त्या रात्री काय उरले असते, सांगता येत नाही. आणि त्यांच्या रागाला कमी कारण होते काय? पिढ्यानपिढ्यांचा अन्याय आणि त्यावर ताजा मार. जगात कोणाला जाळपोळीचा हक्क असेलच, तर तो त्या रात्री त्या माणसांना होता.

हुकूम मिळाला नाही. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. त्या माणसांनीही आवरून घेतले, आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण नेत्याहून तसूभरही कमी नाही, कारण जखमा त्यांच्या अंगावर होत्या. पुढे खटला उभा राहिला आणि हल्लेखोरांपैकी काहींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. विचार करा, त्याच रात्री उलट दहा दुकाने जळाली असती तर कोर्टात कोण उभे राहिले असते? दोन्हीकडचे. मग गोष्ट 'दंगल' झाली असती. दंगलीला अन्याय करणारा आणि सोसणारा अशी दोन तोंडे राहत नाहीत. तिथे दोन जमाव असतात आणि मध्ये पोलीस. ज्याने पहिला घाव घातला, त्याला याहून सोयीचे काही नाही.

गावाने तळे 'शुद्ध' करून घेतले, १०८ घागरी पाणी उपसून पंचगव्य ओतले. नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. म्हणून डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. या खेपेस महाडात मांडव घालायला जागा कोणी देईना. दाणागोटा बाहेरून आणावा लागला. मोटारवाले आयत्या वेळी नकार देतील म्हणून मुंबईची मंडळी पद्मावती बोटीने दासगावला उतरली आणि तिथून पायी महाडला गेली. जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. गावाचा रोष पत्करून त्यांनी आपली जमीन दिली. माझ्या विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला पानिपतच्या लढाया पाठ असतात, फत्तेखानांचे नाव किती जणांनी ऐकले आहे? हात वर करा. बरे, चार. (पुढल्या वर्षी अधिक असावेत.)

२५ डिसेंबर १९२७ च्या रात्री त्या मांडवापुढे, मुद्दाम खणलेल्या कुंडात मनुस्मृती जाळण्यात आली. आता तुम्ही मला पकडाल. म्हणाल, सर, जाळपोळ झालीच की! होय, झाली. जाळणे म्हणजे नासधूसच, आणि पुष्कळांच्या दृष्टीने तो ग्रंथ पवित्र होता, त्यांना त्याचे दुःखही झाले असेल. पण ती कशी झाली ते पाहा. आधी ठराव मांडला गेला. तो मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. काय जाळायचे, कुठे आणि का, हे हजारो माणसांसमोर बोलून ठरले. कोणी तोंडाला फडके बांधले नाही. कोणाच्या कपाटातून पुस्तक ओढून आणले नाही. कोणाचे छप्पर, कोणाची गंजी, कोणाची गाडी जळाली नाही. ज्या नियमाने माणसाला पाणी नाकारले, त्या नियमाला काडी लावली. नियम पाळणाऱ्या शेजाऱ्याच्या घराला लावली नाही. मी माझ्या दगडाची याच्याशी तुलना करतो तेव्हा मला माझीच लाज वाटते. माझा अपराधी एक होता आणि मी फोडले दुसऱ्याचे.

इथे एक पुस्ती जोडतो, नाहीतर उद्या कोणी माझे नाव सांगून कसलाही ग्रंथ जाळायला निघेल. जो नियम तुमच्या मानेवर बसलेला नाही, केवळ दुसऱ्याला डिवचण्यासाठी त्याची पाने जाळणे, याचा महाडशी काही संबंध नाही.

राग गिळणे किती कठीण असते हे महाडलाच पुढल्या दिवसांत दिसले. तळे खाजगी आहे असा दावा लावून विरोधकांनी १४ डिसेंबरलाच कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. तरी तळ्यावर जाऊन तुरुंग पत्करण्यासाठी ३८८४ माणसांनी नावे नोंदवली. स्वतःचे नाव, स्वतःच्या तोंडाने! आणि २७ तारखेला बाबासाहेबांनीच सत्याग्रह तहकूब करायला सांगितले. भांडण गावातल्या सनातन्यांशी आहे, कोर्ट आणि सरकार यांना आज अंगावर घ्यायचे नाही, असा त्यांचा विचार होता. लोक नाराज झाले. मोठी मिरवणूक तळ्याभोवती फिरून परत आली. पाण्याला कोणी शिवले नाही. दाव्याचा अखेरचा निकाल मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. तळे सार्वजनिक ठरले.

दहा वर्षे! मी हा आकडा मुद्दाम मोठ्याने सांगतो. त्या दहा वर्षांत किती म्हातारी माणसे ते पाणी न पिता गेली असतील. "धीर धरा" हे शब्द ज्याच्या घरी नळ आहे त्याने उच्चारायला फार सोपे आहेत. विलंब हाही अन्यायच, आणि त्या विलंबाची भरपाई कोणी केली नाही. हा हिशेब माझ्याकडूनही जुळत नाही. मला एवढेच दिसते, की त्या दहा वर्षांत महाडच्या लोकांच्या अंगावर दुसऱ्या कोणाच्या घराची राख नव्हती, आणि १९३७ ला जे मिळाले ते कोणाला परत काढून घेता आले नाही.

मग नासधूस कधीच क्षम्य नाही काय? १९४२ चे काय? सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारच्या लोकांनी तारा तोडल्या, सरकारी बंगले जाळले, रेल्वेला उपद्रव दिला. आपण त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणतो, आणि मीही म्हणतो. दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला यांनी १९६१ साली, पन्नास वर्षे अर्ज-विनंत्या करून थकलेल्या संघटनेच्या वतीने, घातपाताचा मार्ग धरला. १९६४ साली रिव्होनियाच्या खटल्यात त्यांनी ते कोर्टासमोर स्वतः कबूल केले. माणसे मरू नयेत म्हणून इमारती आणि विजेचे खांब निवडले, हेही सांगितले, आणि फाशीची शक्यता समोर दिसत असताना सांगितले. ज्या राज्यात तुम्हाला मत नाही, सभा भरवली तर गोळी, कोर्ट म्हणजे मालकाचेच कोर्ट, तिथला प्रश्न निराळा आहे. अशा ठिकाणी खांब पाडणाऱ्याला मी इथे सावलीत बसून दोष देणार नाही.

पण त्या मुलाने हे उदाहरण घेऊन आपली बस जाळायला निघण्यापूर्वी थोडे थांबावे. मंडेलांनी कोर्टात आपला वाटा लपवला नाही. सगळी दारे ठोठावून झाली होती, आणि त्याला पन्नास वर्षे लागली होती. आपल्याकडे किती दिवस लागतात? रात्री साडेदहाला मोबाईलवर एक चित्र येते, अकराला दुसरे, आणि साडेअकराला मुले चौकात. ते चित्र कधीचे, कुठले, कोणी पाठवले, हे विचारायलाही कोणाला सवड नसते. माहितीचा अधिकार आहे, कोर्ट आहे, वर्तमानपत्र आहे, मतदान आहे. ही दारे पुष्कळदा कुरकुरतात, काही वेळा आतून कडी लावलेली असते, हे मला मान्य आहे. पण आपण ती किती वेळा ठोठावली? माझ्या मित्राच्या वेळी आम्ही दोन दिवस ठोठावली होती. दोन दिवस!

आता एका दुखऱ्या जागी बोट ठेवतो. येथे बसलेल्या कित्येक घरांचे कोणी ना कोणी मुंबईत असते, त्यामुळे डिसेंबर १९९२ कोणाला सांगायला नको. ६ डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेली. त्याहून मोठे कारण रागाला कोणते हवे होते? मुंबईत मुसलमान तरुण रस्त्यावर आले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात लिहिले, की तो उद्रेक उत्स्फूर्त होता, त्याला नेता नव्हता, सुरुवात शांततेने झाली आणि लौकरच त्याचे दंगलीत रूपांतर झाले. पोलिसांच्या पक्षपातावर आणि जानेवारी १९९३ च्या हिंसेत शिवसेनेने घेतलेल्या पुढाकारावरही त्याच आयोगाने स्पष्ट बोट ठेवले आहे. दोन्ही टप्पे मिळून ९०० माणसे मेली: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीची इतर वा अनोळखी. डिसेंबरात आपल्या मुलांनी बसेसवर दगड टाकले नसते तर जानेवारी टळला असता, असे मी म्हणत नाही. ज्यांना जानेवारी घडवायचा होता, त्यांना निमित्त कुठलेही चालले असते. पण मशीद पाडणारा कोण, यावर साऱ्या देशाचे डोळे लागलेले असताना पहिल्याच रात्री ते डोळे मुंबईच्या जळत्या बसकडे वळले, याचे मला आजही वाईट वाटते. "नेता नव्हता" हे दोन शब्द त्या अहवालातून मी अनेकदा वाचले आहेत. महाडला त्या संध्याकाळी डाक बंगल्यात कोणीतरी होते. मुंबईच्या त्या गल्ल्यांत कोण होते? वडीलधारी मंडळी कुठे होती? हा प्रश्न मी मुलांना विचारीत नाही, पालकांना विचारतो.

पालकांसाठी आणखी थोडे व्यवहाराचे. सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान झाल्यास १९८४ चा कायदा लागतो. साध्या तोडफोडीला पाच वर्षांपर्यंत कैद. आग लावून केलेल्या नुकसानीला कमीत कमी एक वर्ष आणि दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. बेकायदा जमावाचा भाग होऊन सामील झालात, तर दगड दुसऱ्याने मारला ही सबब पुरी पडत नाही. २००९ साली सुप्रीम कोर्टाने नुकसानीची भरपाई संबंधितांकडून वसूल करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वेही दिली. फिर्यादीत पाच नावे आणि 'व इतर' असे लिहिलेले असते. त्या 'व इतर' मध्ये तुमचा मुलगा सहा महिन्यांनीही येऊ शकतो. आपल्या किनाऱ्यावर कुवेत, दुबईच्या नोकऱ्यांवर घरे उभी आहेत. पासपोर्टसाठी पोलिसांचा शेरा लागतो, हे तुम्हाला मी काय सांगावे. ज्यांनी भाषणे करून मुलांना तापवले, ते जामीन द्यायला कोर्टात येतात असा माझा अनुभव नाही. आई येते, पदर डोळ्याला लावून.

आईवरून एक आठवले. हुदैबियाचा तह तुम्ही खुतब्यात ऐकलाच आहे. काबागृहाच्या दर्शनाला निघालेले सुमारे चौदाशे लोक वाटेत अडवले गेले आणि तहाच्या अटी अशा, की हजरत उमरांसारख्यांनाही त्या अपमानाच्या वाटल्या. लोक रागाने आणि दुःखाने इतके खिन्न झाले होते की हुजूरांनी कुरबानी करायला सांगितल्यावरही कोणी उठेना. तेव्हा तंबूत सल्ला दिला तो उम्मे सलमा यांनी: कोणाशी काही न बोलता आपण बाहेर जावे आणि आपली कुरबानी करावी. हुजूर गेले, आणि मग एकेक माणूस उठला. रागावलेल्या जमावाला तेव्हा कोणी प्रवचन दिले नाही. कोणीतरी पुढे होऊन हाताने करण्यासारखे एक काम करून दाखवले. आमच्या माताभगिनी पडद्यामागे बसून हे ऐकत आहेत, त्यांना मी मुद्दाम सांगतो, की त्या तंबूतला सल्ला एका बाईचा होता.

तर सकाळच्या त्या मुलाने उभे राहावे. हां, तिथेच थांब. तू विचारलेस निवेदन का द्यावे. एक निवेदन देऊ नकोस. तारीख घालून दे, पोचपावती घे, पंधरा दिवसांनी दुसरे दे, माहितीच्या अधिकारात त्याचे काय झाले ते विचार, आणि खाली तुझे पूर्ण नाव लिही. सोबत चाळीस जणांना त्यांची पूर्ण नावे लिहायला लाव. जे तोंड झाकून दगड मारायला तयार असतील, त्यांच्यातले किती जण नाव लिहायला तयार होतात, ते आधी पाहा. महाडला ३८८४ झाले होते. इतके करूनही कोणी ऐकले नाही तर फाट्यावर बसा, उपाशी बसा, पोलीस नेतील तर जा. मी म्हातारा झालो असलो तरी शेजारी सतरंजीवर येऊन बसेन, हा माझा शब्द. पण एस. टी. ला हात लावू नकोस. त्या गाडीत कोणाची तरी आवस सुकटीची पाटी घेऊन बसलेली असते.

वेळ बरीच झाली, असरची वेळ होत आली आणि चहाही तयार आहे असे चिटणीस साहेब खुणेने सांगत आहेत. ज्यांना माझे म्हणणे पटले नसेल त्यांनी चहाच्या वेळी मला अवश्य गाठावे. विशेषतः ज्यांनी मघाशी हात वर केले नाहीत त्यांनी.